अप्पर हटची पलटण आणि राजाची पंचाईत

वेलिंग्टनहून अप्पर हटला जाणाऱ्या गाडीत माझ्या मुलाने, निरंजनने, दोन बातम्या दिल्या. रविवारी त्याच्या पलटणीचं युद्ध होतं आणि गुरुवारी त्याचा न्यूझीलंडच्या नागरिकत्वाचा शपथविधी. पहिल्या बातमीवर मी हसले. दुसरीवर खिडकीबाहेरच्या टेकड्या बघत बसले. भारतीय पासपोर्ट सोडायचा म्हणजे काय काय सोडायचं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

पलटण हौशी होती. इंग्लंडात शेकडो वर्षांपूर्वी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. तिच्या आदल्या दिवशी गावचे शिपाई आपण कोणाचे ते जाहीर करतात, असा हा खेळ. शिपायांत कोणी प्लंबर, कोणी दंतवैद्य. एकाच्या पायात तर चक्क जँडल्स (आपल्या रबरी सपाता) होत्या. 'ब्रिंग अ प्लेट' (प्रत्येकाने घरचा एक पदार्थ आणायचा) म्हणून मी साबुदाणा वडे नेले होते. युद्धाआधीच त्यांचा फडशा पडला.

बाजू मात्र आधी ठरवायची नाही. कप्तान नाव पुकारतो, तेव्हा तिथल्या तिथे सांगायची. फक्त हरणाऱ्यांनी तंबू आवरायचे, आणि हरतो नेहमी राजाच. त्यामुळे राजनिष्ठा फारच पातळ झाली होती. निरंजननेही राजाविरुद्ध खणखणीत आवाज दिला.

"गुरुवारी राणीची शपथ घ्यायची आहे ना रे?" मी विचारलं. तेव्हा इंग्लंडची राणीच न्यूझीलंडचीही राणी होती.

"आई, प्लीज," तो पुटपुटला.

मग पांढऱ्या मिशांचा कप्तान माझ्यासमोर आला. पाहुण्यांनाही विचारायची पद्धत होती म्हणे. "किया ओरा (नमस्कार)! राजा की पार्लमेंट?"

सगळे हसत होते. निरंजन तेवढा हसत नव्हता. त्याची नजर मला गुरुवारचंच विचारत होती, हे माझ्या लक्षात आलं.

"मी माझ्या मुलाच्या बाजूची," मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "तो कुठेही उभा राहू दे."

"स्वीट ॲज (झकास)," म्हणत कप्तानाने मला पार्लमेंटच्या रांगेत उभं केलं. निरंजनने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाला. तोफ अजून उडायचीच होती.

गुरुवारी मी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. राणीची शपथ त्याने हळू आवाजात घेतली.

परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांची रांग मी प्रथमच नीट पाहिली. दिवाळीत निरंजन तिथे उभा असेल. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ती रांगही शेवटी आमच्याच दाराने बाहेर येत होती, आणि त्या दाराशी मी असेन.