कोस्तास आणि त्यांच्या वडिलांची सही

कोस्तास स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेले नव्हते.

जाता येत होतं. मुद्दाम गेले नाहीत.

हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आज सकाळी ग्रीसहून त्यांच्या बहिणीचा, एलेनीचा मेसेज आला. कोस्तास गेले. हार्ट अटॅक. पासष्ट वर्षांचे होते.

तुमच्यापैकी फार थोडे जण त्यांना ओळखतात, म्हणून लिहितेय.

इथे आखातात, बरक्याच्या प्लॅन्टवर समुद्राचं पाणी गोडं करतात. मी तिथे लॅबमध्ये, आणि कोस्तास मेंटेनन्सचे हेड. शहरात ते मदिनत सुलतान काबूस भागात राहायचे, मी अल् घुब्रात. सकाळी सहाला त्यांची जुनी जीप आमच्या बिल्डिंगखाली यायची.

"यल्ला, मनीसा!"

ग्रीक माणसाला 'श' म्हणता येत नाही. मी पाच वर्षं मनीसाच होते.

२०१५चा रमझान चालू होता. दिवसा उघड्यावर पिता येत नाही, म्हणून पाण्याची बाटली आम्ही सीटखाली ठेवायचो. तिकडे ग्रीसमध्ये बँका बंद होत्या, एटीएमसमोर रांगा होत्या. कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य करायच्या की नाही, यावर रविवारी मतदान होतं. परदेशात राहून मत देता येत नव्हतं, म्हणून कोस्तासनी सरळ तिकीट काढलं.

मी म्हटलं, "एका मतासाठी एवढ्या लांब?"

वाटेतलं सीब गाव मागे पडलं. मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचे वडील महायुद्धात जर्मनांविरुद्ध डोंगरात लढले. जर्मन गेले, इंग्रज आले. इंग्रजांना डावे नको होते. जे डोंगरात लढले, त्यातले बरेचसे डावेच. इंग्रज थकले तेव्हा अमेरिकन आले, पैसा आणि शस्त्रं घेऊन. आणि देशासाठी लढलेला माणूस स्वतःच्याच देशात कैदी झाला. एका ओसाड बेटावर, उन्हात, दगड वाहत.

सुटका सोपी होती. एका कागदावर सही करायची. 'मला पश्चात्ताप झालाय, मी माझे विचार सोडले.'

वडिलांनी पाच वर्षं सही केली नाही. शेवटी सही न करताच सुटले.

पुढे लष्कराची राजवट आली. कोस्तास तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांना मरीन इंजिनिअर व्हायचं होतं. त्या कॉलेजला पोलिसांचा दाखला लागायचा, की हे घर 'सरकारच्या विचारांचं' आहे. पोलीस म्हणाले, आधी बापाला सही करू दे.

वडील गेले आणि सही करून आले. गावच्या पेपरात छापूनही आलं.

"मला लाज वाटली," कोस्तास म्हणाले. "सगळा गाव त्यांना मानायचा आणि ते असे वाकले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं."

"आणि दाखला?"

"दाखला घेतला ना! त्याच्यावरच तर शिकलो."

वडील वारल्याची तार आली तेव्हा त्यांचं जहाज बंदरातच होतं. सुट्टी मिळत होती. त्यांनी मागितली नाही.

मी पटकन बोलून गेले, "मत द्यायला गावीच चाललाय. मग वडिलांकडेही जाऊन या."

त्यांनी गाडीचा स्पीड एकदम कमी केला.

"तुला काय कळतं यातलं?"

पुढचे तीन दिवस एक शब्द नाही. खाली नुसता हॉर्न. मी मागच्या सीटवर बसायला लागले. मग ते ग्रीसला गेले.

मतदानात 'नाही' जिंकलं. आठवड्याभरात तिकडच्या सरकारने जवळपास त्याच, उलट जास्तच कडक अटी मान्य केल्या. आमच्या कॅन्टीनमध्ये जोक झाले. एक जण म्हणाला, "भाईसाब का वोट समंदर में गया."

कोस्तास परत आले, त्या सकाळी त्यांनी स्वतः पुढचं दार उघडून धरलं.

"गेलो होतो," म्हणाले.

ग्रीसमध्ये दफनभूमीत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी अस्थी जमिनीतून काढतात, वाइनने धुतात आणि नाव लिहिलेल्या पेटीत ठेवतात. वडिलांच्या अस्थी एलेनीने एकटीने धुतल्या होत्या. भाऊ समुद्रावर होता.

"केवढीशी पेटी, मनीसा! एवढा उंच माणूस."

ती मांडीवर घेऊन ते बसले, तेव्हा एलेनीने इतकी वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगितली. सही करून आले त्या दिवशी वडील नेहमीसारखे जेवले. तिने रडत विचारलं, का केलीत? ते म्हणाले, "बेटावर सही केली असती तर मी सुटलो असतो. आज केली तर पोरगा सुटतोय. यात विचार काय करायचा?"

आजारी पडल्यावर त्यांनी तिला बजावलं होतं, "कोस्तासला कळवू नकोस. नोकरी सोडून धावत येईल."

कोस्तासनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. बासष्ट वर्षांचा माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होता. मी पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

ते सावरल्यावर मी विचारलं, "आणि मताचा काय उपयोग झाला?"

नाक पुसत ते हसले. "रांगेत माझ्यापुढे एक आजी होती. म्हणाली, जर्मन आले तेव्हा मला कुणी विचारलं नाही. इंग्रज आले, अमेरिकन आले, तेव्हाही नाही. आज विचारलंय, तर सांगून येते."

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. इथे सगळे म्हणाले, अजून दोन वर्षं काढा. ते गावी गेले, एलेनीसोबत वडिलांच्या घरात राहिले. फोटो पाठवायचे. टोमॅटोचे, बोटीचे, एलेनीच्या ओरडण्याचे व्हिडिओ.

दोन वर्षं मिळाली त्यांना तिथे. थोडी आहेत. पण ती घरची होती.

उद्या गावात त्यांचा अंत्यविधी आहे. मला इथून निघता येणार नाही. संध्याकाळी आम्ही घरी मेणबत्ती लावून वंदना घेतली.

आदराने निरोप, कोस्तास.
जय भीम.