शेकलेला डोळा

धामणगाव बढे गावात आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका, म्हणून काम करणाऱ्या बेबीताईंचं कोणाशी फारसं पटत नाही. कोणाच्या घरी काय दुखतंय यात त्या नाक खुपसतात, आणि एकदा खुपसलं की काढत नाहीत. त्यांच्या नवऱ्याचा, पुंजाजींचा, उजवा डोळा कायमचा गेलाय. तो कसा गेला, हे विचारायची मात्र कोणाची छाती होत नाही.

एका सकाळी सर्व्हेच्या फेरीत त्या मार्तंडरावांच्या ओट्यावर चढल्या. मार्तंडराव निवृत्त कारकून. त्यांची नात इरा आठवडाभर सर्दीनं बेजार होती. आता ताप, आणि डावा डोळा सुजून पार मिटलेला. आजोबा गरम फडक्यानं शेकत होते. ते फडकं दिसलं आणि बेबीताईंचं डोकंच फिरलं.

"रांजणवाडी आहे," मार्तंडराव म्हणाले. "शंतनुले फोटो पाठवला, त्यानंच सांगतलं."

शंतनु म्हणजे पुण्यातला पुतण्या, दातांचा डॉक्टर.

"फोटोत मिटलेली पापणी दिसते, आतला डोळा नाही. मले पाहू द्या."

"हात लावू नका. सर्व्हे लिहा अन् जा."

बेबीताईंनी वही मिटली, हात धुतले आणि सरळ आत घुसल्या. पापणी अलगद उघडली. डोळा लालभडक, बाहेर आल्यासारखा. त्यांच्या बोटामागे तो फिरेना, इरा कळवळली. मग त्यांनी बाटलीचं लाल झाकण धरलं आणि एकेक डोळा झाकून रंग विचारला. उजव्या डोळ्याला लाल. डाव्याला?

"मातीसारखं," इरा म्हणाली.

"रांजणवाडीनं रंग जात नाही. पू डोळ्यामागं आहे. नजर जाईन, डोक्यात चढला तर पोरगी जाईन. गाडी बोलावते."

"माह्या घरात तुमची दादागिरी चालणार नाही."

"मंग ओट्यावर उभी राहून गाव गोळा करते."

त्यांनी खरंच आवाज चढवला. बायका जमल्या, तेव्हा लाजेकाजेस्तव मार्तंडराव नातीला घेऊन गाडीत बसले. बुलढाण्याला स्कॅन झाला, शिरेतून औषधं सुरू झाली, संध्याकाळी पू काढला. नजर वाचली.

महिन्यानं मार्तंडराव बेबीताईंच्या दारात आले. आले होते आभार मानायला, पण राग गेला नव्हता.

"चारचौघांत अब्रू घेतली तुम्ही आमची. एवढं काऊन भांडल्या?"

बेबीताईंनी आत बसलेल्या पुंजाजींकडे बोट दाखवलं.

"त्यो डोळा मीच चार दिवस शेकला. माह्याशी भांडाले कोणी आलंच नाही."