मी न लावलेला टिळा

सर वारले तेव्हा आमच्या वस्तीत लोक असे रडले, जसा घरातलाच माणूस गेला. सर आधी फुटबॉलचे कोच होते. मग रेडिओवर मॅच सांगू लागले, मग टीव्हीवर, शेवटी शेवटी मोबाइलवर. अर्ध्या नागपूरनं फुटबॉल पाहिला कमी, सरांच्या तोंडून ऐकला जास्त. आवाजच तसा होता. चेंडू नुसता मैदानाबाहेर गेला तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, काहीतरी मोठं घडलं.

त्या आवाजानं माझ्याबद्दल एक खोटं सांगितलं आणि मरेपर्यंत सांगितलं.

माझा नवरा सरांच्या टीमचा गोलकीपर होता. फायनलच्या आधीच्या मॅचमध्ये त्याचा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला टेकवायचा नाही. आता सरांची एक पद्धत होती. फायनलच्या दिवशी ते स्वतः स्कूटर घेऊन खेळाडूच्या दारात यायचे आणि घरातल्या बाईला विचारायचे, "नेऊ का?" बाई म्हणायची, "न्या." एवढा मोठा माणूस आपल्याला विचारतो, याचंच बायांना कौतुक. आमच्याकडेही आले. माझ्या हातचा चहा प्याले. मग म्हणाले, "सूनबाई, नेऊ का?"

मी म्हटलं, "नाही. गुडघा पाहा, टरबुजावानी झाला."

सर हसले. "भ्याली का वं? गोलात उभंच तर राहाचं हाय त्याले."

"उभंच राहाचं हाय तर खांब गाडा तिथं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि लंगडत जाऊन स्कूटरवर बसला.

कप जिंकला. शेवटची पेनल्टी यानं त्याच पायावर उडी घेऊन अडवली. तो पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. खेळाडू म्हणून रेल्वेत लागणार होता, ते गेलं. मी कळमन्याच्या फळबाजारात संत्र्याच्या पेट्या भरायला जाऊ लागले आणि हात थकेपर्यंत जात राहिले.

काही वर्षांनी सरांनी रेडिओवर ही गोष्ट सुरू केली. फायनल आली की सांगायचेच. "मी नको म्हणत होतो हो. पण त्याच्या बायकोनं आरतीचं ताट आणलं, कपाळाला टिळा लावला आणि म्हणाली, जिंकूनच या!"

आमच्या घरात आरतीचं ताट नव्हतंच. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव आणि ताट एकाच दिवशी घराबाहेर गेले. सरांना हे माहीत होतं. बुद्धाच्या फोटोखाली बसूनच त्यांनी चहा घेतला होता. पण ऐकणाऱ्यांना ताट आवडलं. बाजारात बाया मला थांबवायच्या, "तुम्हीच का वं त्या टिळावाल्या?" आमच्याच वस्तीतले लोक, ज्यांच्या घरी कोणी कोणाला टिळा लावत नाही, तेही डोळे पुसत ऐकायचे. एकालाही प्रश्न पडला नाही.

नवरा रेडिओ जवळ ओढून बसायचा. मी म्हणायचे, "सरांले सांगा, माही बायको नाही म्हणत होती."

"जाऊ दे वं. नाव तर होऊन राहिलं ना."

"नाव तुमचं. ताट माह्या हातात."

आता सरांच्या चाहत्यांनी मैदानावर श्रद्धांजलीची सभा आणि सभेनंतर सरांच्या नावानं एक मॅच ठेवली. नवऱ्याला बोलायला बोलावलं. सकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळताना मी म्हटलं, "आता सर नाहीत. आता कोणाची भीती? तेवढं खरं सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. मी विश्वास ठेवला. पेटीतलं पांढरं लुगडं काढून नेसले.

मैदानावर सरांचा मोठा फोटो, हार, आणि भोंग्यावर त्यांच्या जुन्या मॅचेस लागलेल्या. पोट सुटलेली माणसं लेकरांसारखी रडत होती. नवऱ्याला धरून स्टेजवर चढवलं. त्यानं माईक घेतला. "सर घरी आले. माझ्या बायकोला विचारलं, नेऊ का?" एवढं बोलून थांबला. मला वाटलं, आता येतं. तो म्हणाला, "आणि तिनं आरतीचं ताट आणलं." सर जिथं थांबायचे तिथंच थांबला होता तो. आवाजही तसाच चढवला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात कमिटीची एक बाई खरोखरचं ताट घेऊन माझ्यापुढे आली. दिवा, कुंकू, तांदूळ, सगळं. "आजी, आजच्या गोलकीपरला तुमच्या हातचा टिळा लावा." तो गोलकीपर समोर डोकं वाकवून उभा. त्याच्याही गुडघ्याला पट्टा.

मी ताट घेतलं नाही. माईक घेतला. "मी टिळा लावला नव्हता," म्हटलं. "आमच्या घरी ताट नव्हतं, आजही नाही. मी नाही म्हटलं होतं. तरी नेलं."

सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझ्या हातातून माईक अलगद काढून घेतला. "आजींना दुःख आवरत नाही," तो म्हणाला, आणि त्यालाही टाळ्या पडल्या. कमिटीच्या बाईनं स्वतःच टिळा लावून टाकला. भोंग्यावर सर पुन्हा सुरू झाले.

आम्ही हुडकेश्वरला लेकाकडे राहतो. परत जाताना ऑटोत नवरा म्हणाला, "काहून बोलली वं तू, सगळ्याईपुढं?"

"तुम्ही काहून नाही बोलले?"

"बोलणारच होतो. माईक हातात आला का त्याईचेच शब्द येतेत वं तोंडात."

पुढे रस्ता उखडलेला होता. ऑटो आदळला तसा त्यानं दोन्ही हातांनी पाय धरला.

"गुडघा लय दुखून राहिला वं."

"सरांले सांगा," मी म्हटलं.