पायरीवरची खाकर

माणसांवर लिहिणं हे जाणत्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथंही यंत्रांविषयी शिकलो, माणसांविषयी नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्या पात्रांवांशी मी एकदा खोटं बोललो आहे. अशा माणसाने लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

लीड्समध्ये शिकताना दोन वर्षं मी त्यांच्या घरी भाड्याने राहिलो. ते मूळचे गोव्याचे; तिथं मालकाला पात्रांव म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो. सत्तरीचे, किडकिडीत, घरातही टाय लावून बसणारे. हिवाळ्यात रविवारी चार वाजता, बाहेर अंधारून आलं की ते पुढच्या खोलीचा दिवा मालवायचे, कॉलेजच्या दिवसांतला, कसर लागलेला काळा झगा खांद्यावर ओढायचे आणि डोळे मिटून गायचे. फादू. पोर्तुगालचं गाणं, सगळं ताटातुटीचं. शब्द कळत नसत, तरी मी हातातलं काम ठेवून ऐकायचो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. ते दचकले.

"टाळ्या नकोत रे बाबा! लग्न आहे काय?"

"मग काय करू?"

"खाकर. घशातल्या घशात. कोइंब्रात तशीच दाद देतात."

कोइंब्रा हे पोर्तुगालातलं त्यांच्या कॉलेजचं गाव. अठराव्या वर्षी ते गोव्याहून बोटीने तिथं डॉक्टरी शिकायला गेले. पुढे गोवा भारतात आला, यांचं परतणं राहिलं, वडील गेले, डॉक्टरीही अर्धवट सुटली आणि नोकरीमागे ते इंग्लंडात पोचले. "घरची आठवण म्हणजे पडसं," ते म्हणायचे. "अंगातच असतं. हवा बदलली की वर येतं."

एकदा चहा गाळता गाळता त्यांनी सांगितलं, "पप्पा शेतातून आले की पायरीवर खाकरायचे. घरात कळावं म्हणून. कोइंब्रात मी पहिल्यांदा गायलो आणि काळोखात दहा पोरं खाकरली. मला वाटलं, पप्पाच आले. रडलो रे मी. तेव्हापासून गातो."

जानेवारीतल्या एका रविवारी गाणं संपलं तरी मी त्यातच हरवलो होतो. खाकरायचं राहून गेलं. तेवढ्यात पुढच्या दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. जाड, म्हाताऱ्या आवाजात. मी दार उघडलं. पायरीवर ताजा बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही.

मागे पात्रांव शांतपणे झगा काढत होते. "लगेच लावू नको दार," म्हणाले.

त्यांची थोरली बहीण दर महिन्याला गावाहून पत्र पाठवायची. नजर अधू होत चाललीय, दिसतंय तोवर ये. अक्षरं दर पत्रात मोठी होत होती. त्या रविवारनंतर पात्रांवांनी पत्रं फोडणंच सोडलं.

"पप्पा इथं येतात," ते म्हणाले. "म्हणजे तिथली पायरी रिकामी. जाऊन काय बघू?"

"बहीण आहे ना तिथं."

त्यांनी नवं पत्र न फोडताच खणात टाकलं. मग मी म्हणालो, "पात्रांव, त्या दिवशी मीच खाकरलो होतो."

त्यांनी टायची गाठ सारखी केली. "बरं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या घरात गाणं झालं नाही. मार्चमध्ये त्यांनी माझ्याकडून भारताच्या व्हिसाचा फॉर्म भरून घेतला.

निघायच्या दिवशी कोच स्टेशनवर त्यांच्या हातात एकच बॅग होती.

"झगा घेतला नाही?"

"तिथं उकडतं," ते हसून म्हणाले आणि मागे न बघता बसमध्ये चढले.

पुढे मी नोकरीला बर्मिंगहॅमला आलो. खोटं बोललो ते बरोबर केलं का, हे कुणाला विचारावं कळत नव्हतं. त्यांना गोव्याला दोन पत्रं पाठवली. दुसऱ्यात धीर करून विचारलं, पात्रांव, अजून गाता का? वर्षभर काही आलं नाही. परवा त्यांच्या भाचीचं उत्तर आलं.

"मामा पावसाळ्यात गेले. इथं आले तेव्हा आईला थोडं दिसत होतं, तोंड बघायला मिळालं. आता दिसत नाही. सव्वा वर्ष दोघं एका ताटात जेवली. मामा गायचे, हे आम्हाला तुमच्या पत्रातूनच कळलं. आई रोज विचारते, गाताना त्याचा आवाज कसा लागायचा? कळवाल का?"