पितळ निवडायचं कोणी

लग्न होऊन शेणव्याला आले तेव्हा सासरच्या फडताळात पितळेच्या दोनच गोष्टी होत्या: देवाची समई आणि बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. दोन्ही घासायच्या मीच, कारण घरात बाई म्हणून मी एकटी. सासूबाई आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. नवरा भातसानगरला धरणावर कामाला. आणि सासरे, म्हणजे आमचे मामा, त्यांना स्वतःचं ताट उचलायचंही माहीत नव्हतं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंदूक परवान्याची, पीक राखायची. भात दाण्यावर आलं की डोंगरावरनं रानडुकरं उतरत. मामा बंदुकीचं तोंड आभाळाकडे करून बार काढायचे, की डुकरं पसार. "मारायचंय कुणाला? भ्यालं म्हंजे झालं," म्हणायचे.

दुकानातल्या काडतुसावर नंबर असतो, आमच्या काडतुसांना नावं होती. प्लॅस्टिकचं काडतूस एकदा वाजलं की कचरा, पितळी पुंगळी मात्र पुन्हा पुन्हा भरता येते. मामा दारू घरीच भरायचे आणि प्रत्येकीचा बेत वेगळा, म्हणून आवाजही वेगळा. नुसतीच तडतडणारी ती 'थोरली जाऊ'. वाजेल की नाही याचा भरवसा नाही ती 'यष्टी'. आणि जिच्या आवाजानं पलीकडच्या पाड्यावरची कुत्रीसुद्धा गप्प व्हायची, ती 'मामलेदार'. ही सगळी नावं सासूबाईंची. घरचा रिवाजच तसा, पितळ निवडेल त्यानं नाव ठेवायचं. आणि कल्याणच्या दुकानात मामांबरोबर जाऊन पितळ निवडायच्या त्या. मामा म्हणत, "मला काय, समदंच पिवळं दिसतं."

एका दसऱ्याच्या सुमारास मी चिंच लावून मामलेदार घासत होते, तर बोटाला काहीतरी टोचलं. तोंडापासून खाली उतरलेली केसाएवढी चीर! नखानं वाजवून पाहिली. बाकीच्या ठण्ण करायच्या, ही नुसती भद्द.

"मामा, ही नका भरू. फुटली तर डोळा जाईल."

"तुला बंदुकीतलं काय कळतं गो?"

"बंदुकीतलं नाय, पितळेतलं कळतं. धसईला आईची अख्खी मांडणी मीच घासायचे."

"तिनं निवडलेली हाय ती. तिला काय व्हनार नाय."

गेलेल्या माणसाशी भांडून कोणी जिंकलंय का? पण संध्याकाळी मामांनी तीच पुंगळी हातात घेऊन दारूचा डबा पुढे ओढला आणि माझं डोकं सटकलं. धसईचं पाणीच तापट! रिकामी होती तोवर मी ती त्यांच्या हातातून हिसकावली, पाट्यावर ठेवली आणि वरवंटा घातला. मामलेदार चपटा.

मामा ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी ती चपटी पुंगळी उचलून खिशात घातली, थोरल्या जावेला घेतलं आणि शेतावर निघून गेले. मी चुलीपुढे बसून रडले. सासूबाई दुसऱ्यांदा गेल्या, आणि या वेळी माझ्या हातून, असंच वाटत होतं मला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "तूच केलंस, तूच निस्तर." भला माणूस!

पुढे कितीतरी दिवस अबोला. "आणखी वाढू?" विचारलं की नुसता हात आडवा. मग एका सकाळी टोपी घालून मामा दारात उभे. "चल कल्यानला. गाडी जाईल."

दुकानदारानं पुंगळ्या मांडून मामांकडे सरकवल्या. मामांनी त्या माझ्याकडे सरकवल्या. "आमच्यात पितळ बायाच निवडतात," म्हणाले. मग काय, बुडाची कड चाचपली, तोंड गोल आहे का पाहिलं, उजेडात धरली, एकेक वाजवली. दुकानदार पार वैतागला. शेवटी एक मनासारखी मिळाली.

परतताना एसटीत मामांनी ती तळहातावर घेतली. "नाव काय?"

आधीची नावं ज्यांनी ठेवली, त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. तरी म्हटलं, "सासूबाई."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, मेले, परत अबोला! पण ते उपरण्यानं डोळे पुसत हसत होते.

"लय हौस होती गो तिला," म्हणाले, "सासू व्हायची."