शालनची अर्धी वाक्यं

त्या सोमवारी सकाळी सव्वासातला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी अकरा मुलं दप्तरं पाठीला लावून उभी होती आणि शाळेची व्हॅन आली नाही. साडेसात झाले, तरी नाही. गेल्या बारा वर्षांत शालनची व्हॅन पाच मिनिटांच्या वर कधी उशिरा आली नव्हती. त्यामुळे मुलांच्या आया आधी घड्याळाकडे आणि मग माझ्या गॅलरीकडे बघायला लागल्या. व्हॅनवाली मावशी माझी शाळेतली मैत्रीण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी फोन लावला. तो तिच्या नवऱ्यानं, दत्ताभाऊंनी उचलला. "ताई, ती गेली ओ," ते म्हणाले. "चहाचं आधण ठेवलं, म्हणाली जरा बसते, अन् बसली ती बसलीच…" मी खाली जाऊन मुलांना एवढंच सांगितलं, की आज व्हॅन येणार नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. शालनबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. थोडीथोडकी नाही, पन्नास वर्षं राहिली आहे. ती आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

पाचवीत आमच्या वर्गात शालन नवीन आली. आम्ही सगळ्या सदाशिव पेठेतल्या आणि आसपासच्या मुली. शुद्ध मराठी आमच्या नळाला येते, असा आमचा एकंदर समज. शालन धायरीची. धायरी तेव्हा गाव होतं, आणि तिचे वडील रोज पहाटे मंडईत भाजी घेऊन यायचे. पोरीला शहरातल्या शाळेत घालायचं, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला विचारलं, "शालन, पुस्तक कुठे आहे तुझं?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "दप्तरात हाय, बाई." दुसऱ्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "हॅलो."

वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा थोड्या हसल्या. ते "कुणीतरी" म्हणजे मी.

मला तेव्हा फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू? आठवड्याभरात तो सगळ्या वर्गाचा खेळ झाला. शालननं "हाय" म्हटलं, की चाळीस मुली एका सुरात "हॅलोऽऽ!" करायच्या. पाणी प्यायच्या रांगेत, प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत. खेळ कुणी काढला ते कुणाला आठवेना, आणि मीही आठवण करून दिली नाही. आधी गंमत म्हणून गप्प राहिले, नंतर भीतीनं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. शालननं क्रियापद टाकून दिलं. "आहे" तिच्या जिभेवर येईना आणि "हाय" म्हणायची चोरी, म्हणून ती वाक्यं अर्धीच सोडायला लागली. "बाई, मला ताप…" "माझी आई बाहेर…" "वही घरी…" वाक्य कड्याशी येऊन थांबायचं आणि ती खाली बघायची. आजही दुपारी डोळा लागता लागता मला तिचा तो आवाज ऐकू येतो. पुढे काय येणार हे मला माहीत असतं, आणि ते येत नाही…

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तर शालन माझ्या शेजारच्या बाकावर. बाईंनी जागा बदलल्या असतील, असं मला वाटलं. पहिले दोन दिवस मी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डबा उघडला आणि माझ्याकडे सरकवत म्हणाली, "ठेचा… तिखट…" माझ्या तोंडून आपोआप गेलं, "आहे?" तिनं मान हलवली. तेव्हापासून तिची वाक्यं मी पुरी करायला लागले. ती म्हणायची "पाऊस येणार…", मी म्हणायचे "आहे". वर्गाला वाटायचं, वीणा किती चांगली, नव्या मुलीला सांभाळून घेते. बाईंनी तर एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते कौतुक मी घेतलं. शालन शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

सहावीच्या मेमध्ये मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले. त्या सुट्टीतलं मला नीट काही आठवत नाही, सगळं उन्हात विरघळल्यासारखं आहे. मेथीचे वाफे, पंपाचा संथ आवाज, पाटाच्या पाण्यात सोडलेले आमचे चार पाय, आणि शालन आभाळाकडे बघत कसलीतरी लांबलचक गोष्ट सांगतेय. तिथे तिची वाक्यं पुरी असायची. अडचण माझी झाली. तिच्या काकूंनी विचारलं, "जेवली का गं?" मी म्हणाले, "हो, मी जेवले आहे." तिची चुलत भावंडं फिस्सकन हसली. "जेवले आऽऽहे!" पुढे दोन दिवस मी काहीही बोलले, की मागून "आऽऽहे!" यायचं. तिसऱ्या दिवशी शालननं हातातली बादली खाली ठेवली आणि त्यांना म्हणाली, "ती माझी मैतरीण हाय. परत कोण बोललं तर माझ्याशी बोलू नका." बस्स. त्यानंतर कुणी बोललं नाही. मी पाटात पाय बुडवून बसले होते. तोंडाशी आलं होतं सगळं. सांगितलं नाही.

सातवीत कधीतरी तिनं क्रियापद परत आणलं. "आहे" नव्हे, "हाय"च. वर्गात ठणकावून म्हणाली आणि आजूबाजूला बघितलं. तोपर्यंत खेळ जुना झाला होता. कुणी हॅलो म्हणालं नाही.

पुढे माझं आयुष्य बँकेत गेलं, तिचं शेतात आणि मग शेत नसण्यात. निवृत्तीनंतर आम्ही धायरीत फ्लॅट घेतला, तो नेमका तिच्या मेथीच्या वाफ्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. "माझ्या रानात चौथ्या मजल्यावर राहती," असं ती सगळ्यांना सांगायची. दुपारी टाकीची मोटर लागली, की मला अर्धवट झोपेत तो जुना पंप वाटतो, आणि मी पलंगासकट हिरव्या रानावर तरंगतेय असं वाटतं.

शालनच्या व्हॅनमधून मी एकदाच बसून गेले. गेल्या पावसाळ्यानंतर, आमची गाडी दुरुस्तीला होती आणि मला बँकेत पेन्शनचं काम होतं म्हणून. मागे मुलांचा कलकलाट, चार-पाच भाषांचा. धायरीत आता कुठली कुठली माणसं येऊन राहिली आहेत. पुढच्या सीटवर दोन मुली अंग चोरून बसलेल्या, म्हणून मला मागे जावं लागलं. मुलं उतरल्यावर मी पुढे आले आणि विचारलं, या दोघींनाच पुढची जागा का?

"एक नवी हाय, लिंथोई. मणिपूरची," शालन म्हणाली. "दुसरी अन्विता. तिनं लिंथोईचं नाव पाडलं, मोमो. सगळी गाडी मोमो-मोमो करायला लागली. म्हटलं, चल, तू तिच्या शेजारी बस पंधरा दिवस."

"म्हणजे शिक्षा?"

"शिक्षा कशाची? नाव पाडायला डोकं लागतं. बाकीची पोरं नुसती वरडत्यात. जिनं नाव पाडलं, तिला कान असतो. तिला समोरच्याचं कधीतरी ऐकू येतंच." तिनं गिअर बदलला. "मी न्हाय का, बाईंच्या मागं लागून तुझ्या शेजारचा बाक मागून घेतला?"

मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. तिला ठाऊक होतं. पाचवीपासून. माझा आवाज तिनं चाळीस मुलींतून ओळखला होता, आणि मग मला निवडलं होतं. मी तिला सांभाळून घेतलं, असं मी जन्मभर समजत होते! शालननं गाडी जरा हळू केली. मी बोलावं म्हणून असेल, नसेलही. बँक आली. मी उतरताना म्हणाले, "येते गं." चुकलं माझं, हे दोन शब्द मला तेव्हाही जमले नाहीत. मनात म्हटलं, एखाद्या दिवशी निवांत घरी बोलावू, चहा करू आणि नीट सांगू.

आता व्हॅन दत्ताभाऊ चालवतात. त्यांना पुढच्या सीटचं काही माहीत नाही, तिथे मुलांची दप्तरं असतात. गेल्या मंगळवारी मी दूध आणायला खाली गेले, तर फाटकाशी "मोमो, मोमो" चाललेलं. लिंथोई बाजूला कुंपणाशी एकटी उभी. शालन गेली आणि सगळं परत सुरू झालं. माझे पाय तिथेच थांबले. मी अन्विताला हाक मारली. दहा वर्षांची, चुणचुणीत मुलगी. रागवायला म्हणूनच बोलावलं होतं, पण रागवायला तोंड कुठे होतं मला? मी तिला सांगितलं, की तुझ्याएवढी असताना मीही तुमच्या मावशीची अशीच टर काढली होती. कशी, तेही सांगितलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होते.

ती "हॅलो" ऐकून आधी हसली. मग हसायची थांबली.

"मग तुम्ही सॉरी म्हणालात का, आजी?"

"नाही."

"का?"

"खूप वेळ होता ना," मी म्हणाले. "म्हणून."

अन्वितानं रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. व्हॅन अजून दिसत नव्हती. मग दप्तराचा पट्टा सावरत ती कुंपणाकडे चालत गेली. लिंथोईला काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.