असुआनोचं बाळंतघर

असुआनो गावात अकुआ फोसुआला सगळे मावशी म्हणत. नवरा वारल्यावर कोकोची बाग तिनं एकटीनं सांभाळली. शेंगा फोडायच्या, ओल्या बिया केळीच्या पानांत झाकून आंबवायच्या, मग बुटक्या मचाणावर पसरून दिवसभर वरखाली करत वाळवायच्या. हात चालत, तोंड क्वचितच. लेक तिवा गेली आणि तेही मिटलं.

तिवाला कळा सुरू झाल्या तेव्हा पावसानं रस्ता पार धुऊन काढला होता. हॉस्पिटल नदीपलीकडे, आणि गावात वाहन एकच, येबोआचा पोती वाहणारा ट्रक. पोत्यांवर चटई टाकून तिला निजवलं. वाटेतच मुलगी झाली. पुढच्या चढाला तिवाचा हात आईच्या हातात गार पडला.

नातीला मावशीनं वाढवलं, पण त्या दिवसाबद्दल कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

दोन वर्षांनी गावची कोको उत्पादकांची संस्था शेतकऱ्याला वाजवी मोबदला देणाऱ्या 'रास्त व्यापार' योजनेत सामील झाली आणि मालाला तिचा शिक्का मिळाला. अटी कडक होत्या. वाटेल ते औषध फवारायचं नाही, शाळेच्या वयाच्या पोरांच्या हाती कोयता द्यायचा नाही. त्याबदल्यात, दूरदेशीचे लोक तो शिक्का पाहून चॉकलेट घेत, तेव्हा मालाच्या भावाशिवाय थोडा वेगळा निधी गावाला येई. तो कशाला वापरायचा ते गावानंच हात वर करून ठरवायचं.

पहिल्या सभेत अध्यक्ष बाफोनाना म्हणाले, "आपल्याला एक सभागृह हवं. पक्कं छप्पर, पंखे. पाहुणे आले तर बसवायचे कुठं?"

माना डोलल्या. तेवढ्यात बायकांच्या बाकावरून फोसुआ उठली. सभेत तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

"बाळंतघर बांधा," ती म्हणाली. "आणि एक नर्स आणा."

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, या वयात बेत काय आहे तुझा?"

हशा पिकला. फोसुआ उभीच राहिली.

तेव्हा येबोआ उठला. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला, "हसा. मी गाडी चालवत होतो त्या दिवशी. मागून तिवाचा आवाज येत होता. मग यायचा थांबला. मला कळलं होतं, तरी मी गाडी उभी केली नाही. मागं वळून बघायची छाती झाली नाही माझी."

बायकांचे हात आधी वर गेले. बाफोनानांनी सगळ्यात शेवटी, पण केला वर.

काम काही सरळ पार पडलं नाही. दुसऱ्या वर्षी तिकडे शिक्क्याचं चॉकलेट कमी खपलं, गावाचा बराचसा कोको साध्या भावात गेला, निधी आटला आणि भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबल्या. त्यांच्यावर गवत उगवलं. फोसुआ दर शनिवारी जाऊन ते उपटायची. तिसऱ्या हंगामात मागणी वाढली, पत्रे चढले, आणि सरकारकडून अदिसा नावाची उत्तरेकडची नर्स रुजू झाली.

पहिली बाळंतीण आली ती ज्यानं थट्टा केली होती त्याची सून. मूल आडवं होतं. अदिसानं वेळीच ओळखलं, हॉस्पिटलला फोन लावला, तिथली गाडी येईपर्यंत सलाईन लावून तिची तब्येत सांभाळली. दुपारी निरोप आला, दोघंही सुखरूप.

सासरा फोसुआच्या अंगणात येऊन खाली मान घालून उभा राहिला. "मावशी, त्या दिवशी मी..."

"बस," ती म्हणाली. "पाणी पी."

तो गेल्यावर ती बाळंतघरात गेली. अदिसा चादर बदलत होती. फोसुआ रिकाम्या खाटेवर बसली आणि इतक्या वर्षांनी हमसून हमसून रडली.

"तिवाला एवढंच लागत होतं गं," ती म्हणत राहिली. "एवढंच."

अदिसानं चादर बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी बसली.